रेकॉर्डचा आवाज, फोनचा आवाज : पारख कशी करावी?

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. या काळात एक गोष्ट पक्की शिकलो. गिऱ्हाईक माल डोळ्यांनी पाहतो, हाताने चाचपतो, पण पुष्कळदा विकत घेतो ते कानाने! विकणारा जे सांगतो तेच त्याला कापडात दिसू लागते. आज मात्र विषय कापडाचा नाही, आवाजाचा आहे. तरी पारखीची रीत तीच असल्याने या पानावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

झाले असे की, आमच्या भाच्याने जुन्या रेकॉर्डचे दुकान काढायचे ठरविले. जुन्या बाजारातून एलपी रेकॉर्ड आणायच्या, साफ करायच्या आणि प्लेअरसह विकायच्या. दोन लाखांचे भांडवल घालायचे होते. त्यातली निम्मी रक्कम त्याच्या अम्मीने, म्हणजे आमच्या बहिणीने, साठवलेली होती. दुकानाची पाटीसुद्धा त्याने मनात रंगवून ठेवली होती : ‘डिजिटल नव्हे, असल आवाज’. शहरातल्या एका दुकानदाराने त्याला पढविले होते की, सीडी आणि फोनमध्ये आवाजाचे तुकडे होतात, रेकॉर्डमध्ये आवाज अखंड असतो. म्हणून रेकॉर्ड असल आणि बाकी सारी नक्कल. आणि ही असलियत ऐकायची तर चाळीस हजारांचा प्लेअर घ्यावा लागतो, तोही त्याच्याकडूनच!

आम्ही त्याला म्हटले, “बेटा, रेकॉर्ड विकायला आमची हरकत नाही. पण पाटीवर जे लिहिशील ते गिऱ्हाइकासमोर खरे करून दाखवता आले पाहिजे. आधी घरी पारख करू, मग पाटी रंगव.”

या पारखीत आम्ही तिघे होतो. एक आम्ही, एक भाचा आणि तिसरे मिरजेचे एक उस्ताद. ते पिढीजात तंबोरे व सतारी बनवितात. जवारी लावता लावता त्यांचे केस पिकले, तेव्हा त्यांच्या कानाविषयी बोलायला नको.

आधी माल समजून घेऊ

रेकॉर्डचा जन्म आपल्याकडच्या मालाशी जोडलेला आहे. 1902 साली गौहर जान यांचे गाणे कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झाले आणि त्याच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या गेल्या. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत. ज्या लाखेच्या बांगड्या आपले कारागीर बनवितात, ज्या चपड्याने सुतार फर्निचरला पॉलिश करतात, तीच ही लाख. तिच्यात दगडाची भुकटी मिसळून तबकडी दाबली जाई. ती मिनिटाला सुमारे 78 फेरे घेई. 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइल या प्लॅस्टिकची एलपी काढली. ही मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित जास्त, म्हणजे नेमके 33 पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते आणि तिच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचे गाणे मावते.

एलपीवर एकच लांब खाच असते, ती काठापासून मध्याकडे गुंडाळत जाते. खाचेच्या दोन भिंती असतात. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये एका भिंतीवर डाव्या बाजूचा आवाज आणि दुसऱ्या भिंतीवर उजव्या बाजूचा. हिऱ्याची बारीक सुई त्या खाचेतून जाताना थरथरते आणि त्या थरथरीची वीज बनते. शाळेत उर्दूतून शिकताना आम्ही लहरीला ‘मौज’ म्हणत असू. ती मौजच खाचेच्या भिंतीवर कोरलेली असते.

पण ती जशीच्या तशी कोरलेली नसते, हे पुष्कळांना माहीत नाही. खर्जाचा आवाज पूर्ण कोरला तर खाच फार रुंद होते आणि गाणे मावत नाही. म्हणून कोरताना खर्ज कमी करतात व बारीक आवाज वाढवितात. वाजविताना त्याच्या उलट करून हिशेब बरोबर करावा लागतो. याचे प्रमाण 1954 पासून ठरून गेले आहे. हे उलट काम करणाऱ्या डबीला फोनो प्री-अँप म्हणतात. काही प्लेअरमध्ये ती आतच असते, काहींत नसते. भाच्याने पहिल्या दिवशी प्लेअरची तार सरळ स्पीकरला जोडली, तेव्हा आवाज डासासारखा आला. बिचारा रेकॉर्डला दोष देत बसला. दोष जोडणीचा होता.

आता डिजिटलकडे येऊ. सीडी 1982 साली जपानमध्ये प्रथम विक्रीस आली. तिच्यात मौजेची उंची दर सेकंदाला 44,100 वेळा मोजून लिहिलेली असते आणि प्रत्येक मापासाठी 65,536 पायऱ्या असतात. यालाच लोक ‘तुकडे’ म्हणतात. आमच्या विणकर भावांना ही गोष्ट नवी वाटू नये. फ्रान्सच्या जॅकार्डने 1804 साली जो माग काढला त्यात पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोके असतात. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. होय किंवा नाही, एवढ्यावरच सारी वेलबुट्टी विणली जाते. डिजिटलचे तत्त्वही होय-नाहीचेच.

मग तुकड्यांच्या मधला आवाज हरवतो का? येथेच भल्याभल्यांची फसगत होते. आम्हीही समजत होतो की कमी धाग्यांच्या कापडातून जसे आरपार दिसते तसे आवाजाचे होत असेल. पण हिशेब वेगळा आहे. सुताराला विचारा. तीन खुणा दिल्या की त्या तिन्हींतून जाणारे वर्तुळ एकच असते. वर्तुळाचा प्रत्येक बिंदू आखून द्यावा लागत नाही. आवाजाचेही तसेच. अमेरिकन गणिती शॅनन यांनी 1949 साली हे सिद्धतेसह मांडले की, आवाजातल्या सर्वांत बारीक कंपनाच्या दुपटीहून जास्त वेळा मापे घेतली, तर त्या मर्यादेत त्या मापांतून जाणारी मौज एकच असते आणि ती पूर्ण परत उभी करता येते. माणसाचा तरणा कान जास्तीत जास्त 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो. सीडी 22,000 च्या आसपास जाते. पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्यांचा कान तर त्याच्या कितीतरी आधी थांबतो. सीडीतून बाहेर येणारा आवाज पायऱ्यांचा जिना नसतो, अखंड मौजच असते. पायऱ्यांमुळे जी चूक राहते ती अत्यंत मंद सरसर म्हणून उरते आणि रेकॉर्डच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा ती पुष्कळ खाली असते.

एकाच मापाने मोजा

कापडाचे दोन नमुने तपासताना एक ट्यूबलाइटखाली आणि दुसरा उन्हात धरला तर निकाल काय लागणार? आवाजातही तीच बेइमानी नकळत होते. जो आवाज किंचित मोठा तो कानाला ‘चांगला’ वाटतो. मोठा आहे हे कळतसुद्धा नाही, फक्त जास्त भरदार वाटतो. दुकानदार ज्या मालाची तारीफ करतो त्याचे बटण थोडे पुढे सरकवितो, आणि काम झाले!

म्हणून पहिली अट, दोन्ही आवाज सारख्याच मोठेपणाचे हवेत. फोनमध्ये आवाज मोजण्याचे अ‍ॅप मिळते. फोन आपण बसतो तिथे ठेवून मापे घेतली आणि एका डेसिबलहूनही कमी फरक राहीपर्यंत बटण फिरविले. दुसरी अट, स्पीकर आणि खोली एकच. तिसरी अट, काय वाजते आहे हे ऐकणाऱ्याला दिसू नये. आमची मुलगी पडद्याआड बसली. नाणे उडवून काय वाजवायचे ते ती ठरवीत असे आणि वहीत लिहून ठेवीत असे.

अब्बांच्या पेटीत बेगम अख्तर यांच्या गझलांची एलपी होती. त्यातल्याच गझला सीडीवरही मिळाल्या. आधी उघड डोळ्यांनी दोन्ही ऐकल्या. सुई टेकली, खरखर झाली, सारंगी उठली आणि आमच्या डोळ्यांसमोर अब्बा उभे राहिले. दुकान बंद करून रात्री ते हीच रेकॉर्ड लावीत. आम्ही लगेच निकाल दिला, “रेकॉर्डच असल!”

उस्ताद मात्र डोळे मिटून बसले होते. म्हणाले, “सेठ, तुमच्या रेकॉर्डचा सूर चढा आहे.”

आम्हाला राग आला. पण पेटी काढून त्यांनी सा दाखविला. सीडीवरचा सा आणि रेकॉर्डवरचा सा जुळेना. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये जेवढे अंतर असते त्याच्या निम्म्याने रेकॉर्ड वर होती. मग कागदाची चिठ्ठी तबकडीच्या काठाला लावून आम्ही फेरे मोजले. एलपीने तीन मिनिटांत बरोबर 100 फेरे घ्यायला हवेत. आमच्या प्लेअरने 103 घेतले. शेकडा तीनने चाल वाढली की सूरही तितकाच चढतो आणि आवाज थोडा चमकदार, चपळ वाटतो. ज्याला आम्ही ‘जिवंतपणा’ म्हणत होतो त्यातला काही भाग मोटारच्या चुकीचा होता! मोटारच्या मागे चाल कमी-जास्त करण्याचा बारीक स्क्रू होता, तो फिरवून हिशेब शंभरावर आणला. गज खोटा असेल तर कापड मोजून उपयोग काय?

खरी परीक्षा

रेकॉर्ड आणि सीडी यांची सरळ तुलनाही पूर्ण न्यायाची नाही. कारण सीडी काढताना मूळ टेप पुन्हा साफ करतात, आवाज कमी-जास्त करतात. 1990 नंतर तर सीडीवरचा आवाज शक्य तितका मोठा करून छापण्याची चढाओढच लागली होती. त्यामुळे मंद आणि जोरदार यांतला फरक चेपला गेला. हा दोष रंगाऱ्याचा आहे, सुताचा नाही. एकाच सुताचे दोन थान दोन रंगाऱ्यांनी रंगविले तर दिसतील वेगळे, पण म्हणून सूत वेगळे होत नाही.

म्हणून भाच्याच्या संगणकावर आम्ही आमच्याच रेकॉर्डची डिजिटल नक्कल उतरविली, अगदी सीडीच्याच मापाची. सुई टेकल्याचा आवाज आणि खरखर यांच्यासह. ‘तुकडे’ केल्याने जर आवाजातली जान जात असेल, तर या नकलेत ती जायलाच हवी. कारण बाकी सारे तेच होते.

पडद्याआडून दहा वेळा वाजविले. दर वेळी रेकॉर्ड की नक्कल हे कागदावर लिहायचे होते. आम्ही दहापैकी 5 बरोबर सांगितले, भाच्याने 6, उस्तादांनी 6. केवळ नाणे उडवून सांगितले असते तरी एवढेच आले असते. दहापैकी 9 किंवा जास्त आले असते तर आम्ही मानले असते, कारण तेवढे नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता शंभरात सुमारे एक आहे.

आमचे घर लहान, सामान साधे. पण मोठ्या ठिकाणीही असेच घडले आहे. 2007 साली अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनीयरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरन यांचा प्रयोग छापून आला. त्यांनी फार वरच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा सरळ आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून लोकांना ऐकविले. 554 वेळा विचारले, 276 वेळा उत्तर बरोबर आले. म्हणजे निम्मेच.

आता तात्पर्य लक्षात घ्या. रेकॉर्डच्या आवाजात एक ऊब असते हे खोटे नाही. आम्हालाही ती ऐकू येते. पण ती ऊब आमच्या डिजिटल नकलेतही जशीच्या तशी आली. म्हणजे डिजिटल काही हिरावून घेते असे नाही, तर रेकॉर्ड स्वतःचे काही घालते. खर्ज मध्यभागी आणलेला असतो, डाव्या-उजव्या आवाजांची थोडी मिसळ होते, सुईची थोडी लचक असते, हलकी सरसर असते. हातमागाच्या कापडात जशी गाठ दिसते आणि तीच आपल्याला आवडते, तसे हे आहे. आवड आपली, पण गाठीला ‘जास्त शुद्ध सूत’ म्हणू नये.

डिजिटलचा ऐब

फोनवाल्यांनी मात्र लगेच खूश होऊ नये. त्यांच्या मालातही ऐब आहे. सीडीवर दर सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट मजकूर असतो. एमपी3 मध्ये तो दाबून 320, 128 किंवा 64 वर आणतात. कानाला कमी कळेल असा भाग काढून टाकला जातो. आम्ही 320 ची फाइल सीडीशी लावून पाहिली, कोणालाही फरक सांगता आला नाही. पण 64 ची लावताच उस्तादांनी दहापैकी 10 ओळखल्या, भाच्याने 9, आम्ही 7. तंबोऱ्याची जवारी पाण्यात भिजल्यासारखी येते आणि तबल्याच्या किनारीची टणक थाप बोथट होते. मित्राकडून मित्राकडे फिरत आलेल्या फाइली बहुधा अशाच पिळून निघालेल्या असतात. पुढे त्या मोठ्या मापात बदलल्या तरी गेलेला माल परत येत नाही. आटलेले कापड इस्त्री करून वाढत नाही.

असेच रेकॉर्डच्या बाबतीतही आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबरही मिरजेच्या दर्ग्यातच आहे. त्यांचे गाणे 78 च्या तबकड्यांवर मुद्रित झाले. पुढे त्यावरून एलपी निघाल्या. अशी एलपी घेणाऱ्याने समजून घ्यावे की मूळ तबकडीत जे नाही ते एलपीत येणार नाही. सीडीतही येणार नाही. आवाजाची असलियत मुळात असते, भांड्यात नसते.

धंदेवाल्यांसाठी

मग रेकॉर्डचा धंदा करू नये काय? जरूर करावा. अमेरिकेत 2022 साली 4 कोटी 10 लाख विनाइल रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीडी 3 कोटी 30 लाख. 1987 नंतर प्रथमच रेकॉर्डची संख्या सीडीच्या पुढे गेली. लोकांना मोठे देखणे कव्हर हवे असते, हातात धरण्याजोगी वस्तू हवी असते, वीस मिनिटे बसून एक बाजू ऐकण्याचा निवांतपणा हवा असतो. हे सर्व खरे आहे आणि विकण्याजोगे आहे. खोट्याची गरजच नाही.

खोटे किती महाग पडते त्याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. मोबाइल फिडेलिटी ही महागड्या रेकॉर्ड काढणारी नावाजलेली कंपनी. तिचा माल थेट मूळ टेपवरून, डिजिटलचा स्पर्श न होता तयार होतो, अशी गिऱ्हाइकांची समजूत होती. 2022 साली उघड झाले की पुष्कळ रेकॉर्डच्या कामात मधे डिजिटल टप्पा होता. मौज अशी की, त्याच रेकॉर्डचा ‘शुद्ध’ आवाज जाणकार वर्षानुवर्षे वाखाणत होते, कोणाच्याही कानाला कळले नव्हते! आवाज चांगलाच होता, पण सांगितलेला माल आणि दिलेला माल यांत फरक होता. प्रकरण कोर्टात गेले आणि कंपनीला गिऱ्हाइकांशी तडजोड करून पैसे मोजावे लागले. आज निघणाऱ्या पुष्कळशा नव्या एलपीही डिजिटल ध्वनिमुद्रणावरूनच कोरल्या जातात. मग ‘डिजिटल नव्हे’ अशी पाटी कोणत्या तोंडाने लावायची?

जुन्या रेकॉर्डचा व्यवहार करणाऱ्यांनी आणि घरात पेटी पडून असलेल्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

तबकडी उजेडात तिरपी धरून पाहावी. ओरखडा नखाला लागला तर तो आवाजातही लागणार. शेवटचे गाणे जरूर ऐकावे. काठाजवळ खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकते, मध्याजवळ फक्त 21. तेवढ्याच वेळेचा आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून खराबी आधी तिथे ऐकू येते.

78 ची लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. पॉलिशवाले कारागीर जाणतात की चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. तबकडीचेही तेच होईल. 78 साठी सुईही जाड लागते, एलपीची सुई तिला लावू नये.

एलपी उभी ठेवावी, एकावर एक रचू नये. उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवल्यास ती वाकते. पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, तेव्हा कोरड्या कपाटात ठेवावी. सुई झिजली की लगेच बदलावी. झिजलेली सुई खाच कुरतडते आणि ते नुकसान भरून येत नाही. दुर्मिळ रेकॉर्डची डिजिटल नक्कल उतरवून दोन ठिकाणी जपावी. रेकॉर्ड दर वेळी थोडी झिजते, फाइल झिजत नाही. पण फाइल ठेवलेली डिस्क एका दिवसात मरू शकते.

आणि चाळीस हजारांच्या प्लेअरआधी चांगले स्पीकर घ्यावेत. रेकॉर्ड असो वा फोन, शेवटी आवाज स्पीकरमधूनच येतो आणि सर्वांत जास्त फरक तिथेच पडतो.

असो. भाच्याने दुकान काढले. भांडवल निम्म्यावर आणले, बहिणीचे पैसे तिला परत दिले. पाटी बदलली. आता तिच्यावर लिहिले आहे : ‘जुन्या रेकॉर्ड. ऐकून घ्या, ऐब सांगून विकल्या जातील.’ पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने विचारले, “फोनपेक्षा आवाज चांगला असतो का?” भाचा म्हणाला, “वेगळा असतो. बसा, दोन्ही ऐकवतो.” गिऱ्हाईक तासभर बसले आणि तीन रेकॉर्ड घेऊन गेले.

अब्बांची एलपी मात्र आम्ही विकलेली नाही. तिची नक्कल तितकीच चांगली वाजते हे आम्ही पडद्याआडून स्वतः सिद्ध केले आहे. तरीही रात्री दुकान बंद करून आलो की सुई आम्ही रेकॉर्डवरच टेकवितो. ती किंमत आवाजाची नाही हे आम्हाला ठाऊक आहे, आणि ती आम्ही कोणा गिऱ्हाइकाकडून वसूलही करणार नाही.